कार्डावरचं शेवटचं बाळंतपण

कल्पना कर, तू बारा वर्षांची आहेस आणि तुला दोन आया आहेत. एकीने तुला जन्म दिला, पण तिला तू वहिनी म्हणतेस. दुसरी तुझ्या बापाची आई, आणि तिला तू ‘आपा’ म्हणतेस, म्हणजे आई. तुझ्या बापाला तू दादा म्हणतेस. गावात कोणाला याचं काही वाटत नाही, कारण गावातल्या कितीतरी घरांत पहिलं मूल असंच आजीआजोबांना दिलेलं आहे. बाळाला चाळीस दिवस झाले की सून त्याला दुपट्यात गुंडाळते, सासूच्या मांडीवर ठेवते आणि चहा करायला उठते. त्यानंतर त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. मनाई कोणी केलेली नसते. बोलत नाहीत, एवढंच.

ही कल्पना जमली असेल, तर पेरिझात तुला कळेल. ती नारीनच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका किरगिझ गावात राहायची. आपाचे म्हातारे चार वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे घरात ती आणि सबीरा आपा दोघीच. दोन घरं सोडून मेरीम वहिनी राहायची, तिच्या दोन लहान पोरांबरोबर, आणि तिला सातवा महिना लागला होता. दादा रशियात बांधकामावर होता.

त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर असताना पेरिझातला पहिल्यांदा पाळी आली. सकाळी घोडीचं दूध काढायला बसली आणि उठली तेव्हा तिला कळलं. ती घाबरली नाही. आपल्याला काय वाटतंय हेच तिला सापडेना. ती बादली घेऊन तंबूत गेली आणि म्हणाली, “आपा, माझं रक्त जातंय.”

सबीरा पीठ मळत होती. तिने हात धुतले, पोरीला लोकरीच्या नमद्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं, घाई न करता, जसं तिने तिला धार काढायला शिकवलं होतं. पोटात, बेंबीच्या खाली, मुठीएवढी पिशवी असते. दर महिन्याला ती आत अंथरूण घालते. कोणी आलं नाही की अंथरूण काढून टाकते. ते रक्त. त्यात घाण काही नाही आणि लाज काही नाही. पहिली दोन वर्षं ते वेळेवर येईलच असं नाही, कधी महिना चुकवील, कधी पंधरा दिवसांनीच येईल. पोट दुखलं तर गरम विटेचा शेक घ्यायचा.

“आणि मग?” पेरिझातने विचारलं.

“मग लग्न, मग मुलं. पोटात मूल असलं की पाळी येत नाही. बाळंतपणानंतर महिनाभर जात राहतं आणि कमी होत जातं. कमी न होता वाढलं तर धावत दवाखाना गाठायचा. माझ्या थोरल्या बहिणीला कोणी नेलं नाही.” सबीराने रुमालाची गाठ सारखी केली. “आणि मग एक दिवस थांबतं. आधी अंगातून वाफा निघतात, रात्री झोप येत नाही, उगाच राग येतो. मग संपतं.”

“तुझं कधी संपलं?”

“पंचेचाळिसाव्या वर्षी. तुझ्या दादाच्या लग्नात. पाहुण्यांना मेंढी कापत होते आणि मला वाटलं, या महिन्यात येईल. आलीच नाही. पुन्हा कधीच आली नाही.”

एवढं बोलून तिने पुन्हा पिठात हात घातले. पेरिझातचा जन्म त्या लग्नानंतर वर्षाने झाला होता. दोघींनीही तो हिशेब केला नाही. निदान तोंडाने तरी नाही.

शरदात कळप खाली आले. मेंढ्यांची लोकर उतरवून झाली होती आणि बायका अनारकानच्या अंगणात नमदा करायला जमल्या. अनारकान शेजारीण, सबीराची बालमैत्रीण. लोकर काठ्यांनी झोडपून मोकळी करायची, बोरूच्या चटईवर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळून दोर बांधायचा आणि अंगणभर लाथांनी लोटत न्यायची. मग उघडायची, ओळीने गुडघे टेकून बसायचं आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दाबून दाबून लोकर घट्ट करायची. काम दिवसभराचं, आणि तोंडं मोकळी.

“मेरीम, तू पाणी ओत, वाकू नकोस,” अनारकान म्हणाली. “नमद्याबरोबर पोरही दाबून बाहेर काढशील.”

“निघालं तर बरंच,” मेरीम म्हणाली. “पाय बघा माझे, वळकट्या झाल्यात.”

“पाय सुजलेत तर दाखवून ये. नवी नर्स आली आहे ना, तलासकडची. आमच्या घरी येऊन माझं वय विचारून गेली. मी म्हटलं, बाई, मला थंडीत घाम येतो, कपाळावर अंडं तळून होईल, आता तूच वय ओळख.”

बायका हसल्या. सबीरा मधोमध बसली होती. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांच्या मागे, पांढऱ्या लोकरीवर, खारकेएवढा लाल डाग होता.

पेरिझात गरम पाण्याची किटली घेऊन उभी होती. तिला तो डाग सगळ्यांच्या आधी दिसला. तो कधीतरी दिसणारच होता, असं तिला वाटलं. पंधरा दिवसांपासून धुण्याच्या टबाखाली दडवलेले आपाचे कपडे तिने पाहिले होते. विचारलं तेव्हा सबीरा म्हणाली होती, “मूळव्याध असेल. कोणाला सांगू नकोस.” पेरिझातने सांगितलं नव्हतं. तिने ते कपडे गार पाण्यात भिजवले, धुतले आणि मागच्या दोरीवर, चादरीच्या आड वाळत घातले. दर दोन दिवसांनी.

अनारकानने डागाकडे पाहिलं, सबीराकडे पाहिलं आणि ती मोठ्याने हसली.

“अगं सबीरा. बारा वर्षं आई म्हणवून घेतलंस, आता अंगालाही पटलं वाटतं.”

एक बाई म्हणाली, “दुसरं तारुण्य आलंय. माझ्या आत्याला आलं होतं, साठीला. नशीबवान बाईलाच येतं.”

“मग काय झालं आत्याचं?” पेरिझातने विचारलं.

“काय होणार? वर्षभराने वारली. पण ती वेगळ्याच कशाने तरी.”

पुन्हा हसणं झालं. सबीराही हसली, तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमालाचा काठ धरून. मेरीम हसली नाही. तिने बादलीतलं गार पाणी घेऊन डागावर ओतलं. लोकर पांढरी झाली. सगळ्या पुन्हा ओळीने बसल्या.

पुढच्या आठवड्यात नवी नर्स शाळेत आली. तिचं नाव आयझिरेक. वय चोवीस असेल. तिने सहावी-सातवीच्या मुलींना एका खोलीत बसवलं, भिंतीवर चित्र लावलं आणि पट्टीने दाखवत बोलू लागली. पेरिझातला त्यातलं बरंच आधीच ठाऊक होतं. पिशवी, अंथरूण, गरम वीट. नर्स वीट म्हणाली नाही, पिशवी म्हणाली नाही, पण गोष्ट तीच होती. पुढे ती म्हणाली की आत्ता हे ऐकून तुम्हाला काय उपयोग असं वाटेल, पण तुमच्या घरात आई आहे, आजी आहे.

“पाळी थांबून पुरतं एक वर्ष झालं, की ती थांबली असं समजायचं. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी घरी बसायचं नाही. बहुतेक वेळा साधं काही असतं. कधी कधी गर्भाशयाचा कर्करोग असतो, आणि तो लवकर सापडला तर बऱ्याच वेळा बरा होतो. उशीर झाला तर नाही.”

मागच्या बाकावरच्या दोघी खिदळत होत्या. पेरिझातने वहीत लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

आपाला दवाखान्यात न्यायला तिला चार दिवस लागले. तिने वहीतलं वाचून दाखवलं, तेव्हा सबीरा म्हणाली, “चोवीस वर्षांची पोर मला शिकवणार.” दुसऱ्या दिवशी पेरिझातने गाईला पाणी पाजलं नाही, चूल पेटवली नाही, उंबऱ्यावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सबीराने डोक्याला रुमाल बांधला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. आयझिरेकने कपाटातून कार्ड काढलं. ती नवीन आली तेव्हा तिने सगळ्या घरांची नवी कार्डं केली होती, गाव-कचेरीतल्या कागदांवरून. पेरिझातच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सबीरा होतं, बापाच्या जागी म्हाताऱ्यांचं. म्हणून कार्डावर लिहिलं होतं, शेवटचं बाळंतपण: वय सेहेचाळीस.

“मावशी, पाळी कधी थांबली?”

सबीरा खुर्चीत सरळ बसली होती. तिने पेरिझातकडे पाहिलं नाही.

“ही झाली, त्याच्यानंतर.”

“किती वर्षांनी?”

“झाली असतील बरीच. मधूनमधून येतच होती. अलीकडे जरा जास्त.”

“म्हणजे पुरतं वर्ष कोरडं असं गेलंच नाही?”

“कोण मोजत बसतं, बाई.”

आयझिरेकने कार्डावर पुन्हा नजर टाकली. सेहेचाळिसाव्या वर्षी मूल म्हणजे अंग मजबूत. अशा बायकांची पाळी उशिरापर्यंत रेंगाळते. तिने रक्तदाब घेतला, पापणी खाली ओढून पाहिली, लोहाच्या गोळ्या दिल्या.

“रक्त कमी झालंय. गोळ्या घ्या. शुक्रवारी तालुक्याहून डॉक्टरीणबाईंची गाडी येतेय, पण त्यांची यादी भरली आहे, आणि ज्यांना घाई आहे त्यांनाच त्यात घेतलंय. गाडी पुन्हा वसंतात येईल. तोपर्यंत राहिलं तर दाखवू.”

मुली, तू आत्ता विचारशील की पेरिझात तिथेच का बोलली नाही. तिच्या तोंडात शब्द होते. तेरा वर्षांपूर्वी, दादाच्या लग्नात. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्यामागून दुसरं वाक्य येणार होतं, आणि ते वाक्य तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. तिचे हात कोणा दुसऱ्याचे असावेत तसे मांडीवर पडले होते.

घरी जाताना सबीरा म्हणाली, “झालं ना समाधान? आता चूल पेटव.”

संध्याकाळी पेरिझात मेरीमकडे गेली. मेरीम पाय उशीवर ठेवून कणीक तिंबत होती. पोरं आतल्या खोलीत भांडत होती.

“वहिनी, आपाने नर्सला खोटं सांगितलं.”

मेरीमचे हात थांबले नाहीत. “काय सांगितलं?”

“माझ्यानंतर थांबली म्हणाली.”

आता हात थांबले. मेरीमने हातांचं पीठ परातीत झटकलं. तिने सासूचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. सुना उच्चारत नाहीत. बोलताना ती ‘त्या’ एवढंच म्हणायची.

“तुम्ही सांगा ना नर्सला,” पेरिझात म्हणाली.

“मी कशी सांगू? सुनेने सासूच्या पाळीची गोष्ट चारचौघांत काढायची? आणि काय म्हणून सांगू? त्या खोटं बोलतात म्हणून? पोर माझी आहे म्हणून?” ती कणकेच्या गोळ्याकडे बघत बोलत होती. “तुला त्यांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तीन आठवडे दूध वाहत होतं. रोज सकाळी फडक्याने छाती घट्ट बांधायचे. ताप आला. त्याच मला कोबीची पानं गार करून आणून द्यायच्या, छातीवर ठेवायला. दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. दूध आटलं. आता मी काही बोलायचं म्हटलं तर ती बारा वर्षं कुठे ठेवू?”

पेरिझातला वाटलं, आता आपल्याला रडू यायला हवं. आलं नाही. तिने विचारलं, “दुखत होतं?”

“हो.” मेरीमने पुन्हा कणीक ओढली. “तू बोल. तू त्यांची मुलगी आहेस. मुलगी बोलू शकते.”

शुक्रवारी सबीराने डॉक्टरीणबाईंसाठी लोणी आणि तळलेल्या पावांचा रुमाल बांधला. यादीत नाव असो नसो, गावात पाहुणा आला की रिकामं जायचं नसतं. पेरिझात तिच्याबरोबर गेली. बाकावर अनारकान होती, मेरीम होती, आणखी तिघीचौघी होत्या. अंगणात पांढरी गाडी उभी होती. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई एकेकीला तपासत होत्या आणि आयझिरेक दारात उभी राहून नावं वाचत होती.

“या मावशी, ठेवा तिथे, बसा,” ती सबीराला म्हणाली. “गोळ्या घेताय ना?”

“घेते. पोट आवळलं त्याने.”

“अंगात लोखंड भरतंय,” अनारकान म्हणाली. “आता घोड्यासारखी नाल ठोकून घे.”

पेरिझात आयझिरेकच्या समोर जाऊन उभी राहिली.

“ताई, आपाचं नाव यादीत घाला.”

“अगं, सांगितलं ना मी, वसंतात.”

“कार्डावर चुकीचं लिहिलंय. आपाची पाळी माझ्या जन्माच्या आधीच थांबली. तेरा वर्षं झाली. मधे एकदाही आली नाही. आता महिना झाला, येतेय.”

आयझिरेकला कळेना. “जन्माच्या आधी थांबली, तर मग तू...”

“मला तिने जन्म दिला नाही,” पेरिझात म्हणाली. “मेरीम वहिनीने दिला.”

तिचा आवाज मोठा नव्हता. वर्गात उत्तर द्यावं तसा होता. बाकावर कोणी हललं नाही. मेरीमने पोटावरचे दोन्ही हात एकमेकांत गुंतवले आणि जमिनीकडे पाहिलं.

आयझिरेक सबीराकडे वळली. “मावशी, खरं आहे?”

सबीराच्या मांडीवर अजून रुमालाची गाठ होती. ती सोडायचा तिने प्रयत्न केला. सुटली नाही. तशीच ठेवून दिली.

“तेरा वर्षं,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

आयझिरेकचा चेहरा लाल झाला. तिने कार्ड घेतलं, आत गेली, आणि यादीतल्या दुसऱ्या नावाच्या आधी सबीराला बोलावलं. दार बंद झालं. बाहेर कोणी विनोद केला नाही. बऱ्याच वेळाने अनारकान म्हणाली, “मला काय ठाऊक होतं? मला वाटलं, आपलं हसण्यावारी...” वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि पुरं कर असं तिला कोणी म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय, त्या म्हणाल्या. तुकडा काढून तपासावा लागेल, तो तालुक्याच्या दवाखान्यातच काढता येतो. काय निघेल ते आज सांगता येणार नाही. साधं निघू शकतं. साधं नसलं तरी वेळ अजून हातात आहे, वसंतापर्यंत थांबला असतात तर नसती. गाडी तासाभराने परत निघेल, आजच बरोबर चला.

सबीरा घरी जाऊन जाड कोट घालून आली. पेरिझात तिच्या मागोमाग गेली आणि मागोमाग परत आली. गाडीच्या पायरीवर पाय ठेवल्यावर ती वळली आणि मेरीमला म्हणाली, “गाय संध्याकाळी लवकर बांध. डाव्या सडाला सूज आहे, हळू काढायची.”

गाईची धार काढणं पेरिझातचं काम होतं. रोजचं, दोन वर्षांपासूनचं. ती मेरीमच्या शेजारीच उभी होती. सबीराची नजर तिच्या डोक्यावरून जाऊन डोंगरावर थांबली आणि दार लागलं.

धूळ खाली बसल्यावर मेरीम म्हणाली, “चल, आमच्याकडे झोप.” ती पुढे काही म्हणणार होती. पेरिझातने वाट पाहिली, पण ते आलं नाही.

“मी घरीच झोपते,” पेरिझात म्हणाली.

तिने गाय लवकर बांधली. डाव्या सडाचं दूध हळू काढलं. चूल पेटवली, एकटीचा चहा केला, त्यात नेहमीचं मीठ घालायला विसरली आणि तसाच प्यायली. तिला झोपही लागली. सकाळी तिने दुधाची बादली मेरीमच्या दारात नेऊन ठेवली आणि सांगितलं की दोन दिवस गाईकडे तुम्ही बघा. मेरीमने कुठे म्हणून विचारलं नाही. तिने आत जाऊन दोन उकडलेली अंडी आणि जाड लोकरी मोजे आणले.

“मोजे त्यांना दे. पाय गार पडतात त्यांचे,” ती म्हणाली.

दुकानासमोर तालुक्याला जाणारी मोटार उभी होती. तीन माणसं बसली होती, एक जागा उरली होती. चालक खिडकी पुसत होता. तो खालच्या अंगाच्या गावचा असल्याने इथल्या सगळ्यांना ओळखत नव्हता.

“एकटीच? लहान पोरांना मी असं नेत नाही. कोणाची गं तू?”

“सबीराची,” पेरिझात म्हणाली, आणि दार ओढून आत बसली.